मामंजी माझ्या परीक्षेला बसले

माझे सासरे मला आवडत नव्हते. हे लातुरात मोठ्यानं बोलायची सोय नाही. आडत बाजारात अजून त्यांचा विषय निघाला की माणसं हात जोडतात, असा सच्च्या काट्याचा माणूस पुन्हा होणे नाही म्हणतात, आणि ते खरंही असेल. काट्यावर ते सच्चे होते. माझ्याशी नव्हते. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडलांसमोर त्यांनी स्वतःच्या तोंडानं शब्द दिला होता की पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ना, मग पूर्ण करेल की, आमच्या घरात शिक्षणाला कुणी नाही म्हणत नाही. लग्न झालं, मी हदगावची लातूरला आले, आणि नांदेडचं कॉलेज उघडल्यावर विषय काढला, तर मामंजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि मऊ आवाजात विचारलं, "आता कशाला? कुठं नोकरीला जायचंय का?"

झालं. एवढंच. मऊ आवाजात नाही म्हणणारा माणूस फार वाईट. त्याच्यावर ओरडता येत नाही, आणि ओरडलं तर आपणच वाईट दिसतो. माझ्या वडलांनीही मग मला फोनवर सांगितलं की जाऊ दे, घर चांगलं आहे. घर चांगलं होतं. मी त्या चांगल्या घरात वीस वर्षं भाकऱ्या थापल्या.

मामंजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा मोठा फोटो करून बैठकीच्या खोलीत लावला. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर उपरणं, चंदनाचा हार, खाली लाल दिवा. फोटोग्राफरनं त्यांचे डोळे असे काही उजळले होते की खोलीत कुठंही बसा, ते तुमच्याकडेच बघत. येणारी-जाणारी म्हणायची, अगदी बोलतील असं वाटतं. मी मनात म्हणायची, नको बाबा, न बोललेलंच बरं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात माझा राग कुठून आला ते कळायला पाहिजे.

शहराबाहेर एक नवं गोदाम झालं. सोयाबीन, तूर, हरभरा. शेतकरी माल ठेवणार, आणि आत घेताना त्याची प्रत तपासायची. ओल किती, माती-कचरा किती, डागी दाणा किती. त्यासाठी माणसं हवी होती. जाहिरात आमच्या ह्यांनीच वाचून दाखवली, ती पण हसायला म्हणून. "मायक्रोक्रेडेन्शियल असणाऱ्यांना प्राधान्य. काय शब्द काढतेत बघ. तोंडात मावत नाही." ते हसले, मोठे भाऊजी हसले. मी हसले नाही. वीस वर्षं आडत्याच्या घरात राहून, जेवताना रोज ओल आणि डाग ऐकून, माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हे काम मला जमेल. आणि मला ते पाहिजे होतं. उगाच फिरवून सांगत नाही, मला ते इतकं पाहिजे होतं की रात्री झोप लागेना.

माझ्याकडे प्रमाणपत्रं होती. लॉकडाऊनपासून जमवलेली. दोन तास व्हिडिओ लावून ठेवायचा, शेवटी नाव टाकायचं, की सोनेरी किनारीचा कागद हजर. मी ते सगळे छापून, प्लास्टिकच्या फायलीत लावून गोदामाच्या मॅनेजरपुढं नेऊन ठेवले. त्यानं चार पानं उलटली आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, हे हजेरीचे कागद आहेत. तुम्ही तिथं होतात, एवढंच यात लिहिलंय. काय येतं ते लिहिलं नाही. परीक्षा कुणी घेतली, कशी घेतली, काहीच नाही."

कानशिलं तापली माझी. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि त्या माणसाला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या मनात दिल्या. हदगावच्या शिव्या लातूरपेक्षा जास्त धारदार असतात, एवढं सांगते. पण माणूस बोलला ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

मग मी नांदेडच्या एका प्रशिक्षण केंद्रात गेले. तिथल्या मॅडम तरुण होत्या आणि फटकळ होत्या, म्हणून आमचं जमलं. त्यांना मी सरळ विचारलं, हे मायक्रो-बिक्रो काय आहे, मला काहून कुणी नीट सांगत नाही? त्यांनी एका दमात सांगितलं. पदवी म्हणजे पोतं, तीन वर्षं भरत राहायचं, आणि आत नेमकं काय आहे ते घेणाऱ्याला उघडल्याशिवाय कळत नाही. ही पुडी आहे. एकच कौशल्य, थोड्या आठवड्यांचं शिक्षण, पण शेवटी खरी परीक्षा, करून दाखवायची. पास झालात तर मिळतं ते कागदाचं नसतं, एक लिंक असते. नोकरी देणाऱ्यानं ती उघडली की त्याला दिसतं, या बाईला काय काय येतं, ते कसं तपासलं, कुणी तपासलं. तुम्हाला त्यात एक अक्षर बदलता येत नाही. आणि अशा पुड्या एकाला एक जोडता येतात. तीन झाल्या की एक मोठं प्रमाणपत्र होतं, त्याचे क्रेडिट तुमच्या खात्यात जमा राहतात, आणि उद्या पदवी पूर्ण करायची म्हटली तर विद्यापीठ मान्य करत असेल तेवढे क्रेडिट तिकडं वळवता येतात.

"माझी पदवी अर्धी राहिलीय," मी म्हणाले.

"मग विचारून बघा की. नाही म्हटले तर नाही. पण आधी या तीन तर करा."

तीन म्हणजे कोठारातल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद, साठवण आणि कीड, आणि तिसरी प्रतवारी. पहिल्या दोन मी नांदेडला जाऊन-येऊन केल्या. पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक करून एसटी गाठायची, आणि संध्याकाळी परत आलं की आत्याबाईंचं तोंड बघायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "नांदेडात काय हाय येवढं?" असं त्या मला कधी विचारत नसत, भिंतीला विचारत. मी "शिकून राहिले" म्हटलं की त्या माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या, "शिकून राहिली म्हनं. आमच्यात शिकायली म्हनतेत." वीस वर्षांत माझं बोलणं त्यांना पटलं नाही आणि त्यांचं मला.

दोन्ही परीक्षा पास झाले. लिंक आली तेव्हा ह्यांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी अंगठ्यानं वरखाली केलं आणि विचारलं, "येवढंच? फ्रेम करून मिळत न्हाई का?" या माणसाला आपटावं की काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरीचं प्रात्यक्षिकही केंद्रात झालं. राहिली लेखी परीक्षा, ती घरून. नियम मोबाइलवर आले. बंद खोली पाहिजे. खोलीत तुमच्याशिवाय कुणी नको. सुरुवातीला कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या. लॅपटॉपचा कॅमेरा समोरून बघणार, मोबाइलचा बाजूनं. मान वळवायची नाही. दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बाद. तीनदा संधी, आणि गोदामाचे अर्ज दसऱ्याआधी बंद.

नियम करणारा माणूस कधी एकत्र कुटुंबात राहिला नसावा. आमच्या घरात खोली रिकामी असणं हा प्रकारच नाही. माझी मुलगी बारावीला आहे, ती अभ्यासाला बसली की टीव्ही बंद, कुकर बंद, पाहुणा आला तर त्याला खाली दुकानात बसवतात. लातुरात पोरांच्या अभ्यासापुढं देवही गप्प बसतो. पण ती दिवसभर क्लासला आणि घरात बसलेली मी. चाळिशीच्या बाईची परीक्षा असते, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना.

पहिल्या वेळी मी स्वयंपाकघरात बसले. आतून कडी नाही त्या दाराला, पण सगळ्यांना सांगितलं होतं, हात जोडून सांगितलं होतं. अर्धा पेपर झाला आणि आत्याबाई मेथीची जुडी घेऊन आत आल्या. "मीठ कुठं ठिवलीस गं?" पडद्यावर लाल पट्टी आली आणि परीक्षा बंद पडली. मी डोकं टेबलावर ठेवलं. त्या म्हणाल्या, "झोपलीस का?"

त्या दिवशी मी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या वेळी मी युक्ती केली. रेणापूरला नात्यात बारसं होतं, सगळं घर जाणार होतं. मला ताप आला. म्हणजे आणला. सगळी गेल्यावर मी बैठकीच्या खोलीचं दार लावलं, खिडकीखालचं खोकं हलवलं, टीव्हीची वायर काढली. पेपर असा गेला की काय सांगू. ओलावा वजनातून कसा काढायचा, नमुना पोत्याच्या वरून, मधून, खालून का घ्यायचा, कीड लागलेला दाणा आणि वाळताना फुटलेला दाणा कसा वेगळा ओळखायचा, सगळं येत होतं. वेळ संपायच्या आत झाला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. बाद. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.

आई शपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मी तेव्हा एकटी होते, दार आतून बंद होतं, मग कोण होतं? मी पलंगाखाली वाकून बघितलं. तीन दिवसांनंतर. माणूस किती बावळट होतो बघा. मग निकालाच्या खाली एक चित्र जोडलेलं दिसलं, ते उघडलं. बाजूच्या मोबाइलनं काढलेलं. खाली टेबलाशी मी, मान खाली घालून लिहिणारी, माझ्या तोंडाभोवती हिरवी चौकट. आणि माझ्या डोक्यावर, चंदनाच्या हारात, लाल चौकटीत मामंजी.

आधी मी हसले. मोठ्यानं हसले, एकटीच. मग हसता हसता असा संताप आला की हातातला मोबाइल मी गादीवर फेकला. जिवंतपणी शिकू दिलं नाही ते नाहीच, आता मेल्यावर येऊन परीक्षेला बसले! माझं तोंड ओळखायला त्या यंत्रानं मला सारखं पुढं व्हा, मागं व्हा, उजेडात या केलं होतं. मामंजींना एका झटक्यात ओळखलं. या घरात बाईचा चेहरा दिसायला कष्ट पडतात आणि त्यांचा भिंतीवरून पण दिसतो.

केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं, तक्रार करा. कंपनीच्या मदत खिडकीत लिहायचं होतं. मी लिहिलं की ती दुसरी व्यक्ती माझे सासरे आहेत आणि ते वारले आहेत. उत्तर लगेच आलं. ऐकून आम्हाला अतिशय दुःख झालं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. कृपया पुढच्या परीक्षेच्या वेळी ती व्यक्ती खोलीत उपस्थित राहणार नाही याची काळजी घ्यावी.

मी पुन्हा लिहिलं की अहो, फोटो आहे तो. भिंतीवरचा. उत्तर आलं, आपला मुद्दा नोंदवला आहे, एक संधी शिल्लक आहे, शुभेच्छा. त्या शुभेच्छा देणाऱ्याला मी समोर बघितलं असतं तर सोडलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, टेबल दुसरीकडं लावायचं. मलाही कळतं तेवढं. समोरच्या भिंतीला खिडकी, तिथं बसलं की तोंड काळं दिसतं. डाव्या भिंतीला आरशाचं कपाट, त्यात माझीच दुसरी मी दिसणार, आणि यंत्राला वाटणार जुळी बहीण. उजवीकडं दार. बरं, चारी भिंती फिरवून तर दाखवायच्याच होत्या. स्वयंपाकघराला कडी नव्हती, आणि आतल्या खोल्यांत नेट येत नव्हतं. नांदेडच्या केंद्रात बसायला जागा होती, पण ती दसऱ्यानंतर. लातुरात पावलापावलावर अभ्यासिका आहेत, पण तिथं एका खोलीत पन्नास पोरं. म्हणजे एकच रस्ता उरला, फोटो खाली काढायचा. दीड तासासाठी.

मी जेवताना सांगितलं. सगळ्यांसमोर, स्पष्ट. आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला.

"बाबांचा फोटो?" मोठे भाऊजी म्हणाले. "भिंतीवरून? परीक्षेसाठी?"

"दीड तास."

"अर्धा मिनिट पन न्हाई. बाबा बसवलेत तिथून हलणार न्हाईत. लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगणार आहे? तुम्ही?"

"बघ, बघ कशी बोलायली," ते ह्यांना म्हणाले. ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यायले. आमचे हे दोन्हीकडून वाजणारे. रात्री मला म्हणाले, "तुझं खरं हाय, पण आईला वाईट वाटेल." सकाळी आईला म्हणाले असतील, तुझं खरं हाय. पण ते नंतरचं. तिथं जेवतानाच मी विचारलं, "मग वरून कापड टाकू का? हलवणार नाही." तेवढं आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि बाहेर आल्या.

"दवाखान्यात त्यांच्या तोंडावर पांढरं कापड टाकलं, तवा मी तिथं हुते," त्या म्हणाल्या. "परत मला बघायचं न्हाई ते. तुला हौस असंल तर मी मेल्यावर टाक."

यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी म्हणाले, "तुम्हाला त्यांच्या तोंडाची काळजी आहे. माझ्या तोंडाचं काय? मला त्यांनी शब्द दिला होता, तो कुठल्या भिंतीवर लावलाय?"

भाऊजी ताटावरून उठले. आत्याबाई आत गेल्या. पुढचे दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि मीही कुणाशी बोलले नाही. पोळ्या करायची, आदळायची. डब्याची झाकणं अशी लावायची की गल्लीत ऐकू जावं. मनात ठरवलं होतं की त्या दिवशी स्टूल घेऊन स्वतः काढणार, मग घरातून हाकललं तरी चालेल. हदगावला आई-बाप आता नाहीत, भाऊ ठेवून घेईल याचीही खात्री नव्हती. तरी काढणार होते.

तो दिवस आला. भाऊजी आणि हे दुकानात, जाऊ माहेरी, मुलगी क्लासला. मी स्टूल आणून भिंतीशी ठेवलं आणि त्यावर चढणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"तू हात लावू नको."

संपलं, असं वाटलं मला. वळले तर आत्याबाई पदर खोचून उभ्या. "बाजूला हो," म्हणाल्या. सत्तरीची बाई माझ्या खांद्याला धरून स्टुलावर चढली. हार काढला, माझ्या हातात न देता स्वतःच्या गळ्यात अडकवला, आणि फोटो खिळ्यावरून सोडवून छातीशी धरून खाली उतरली. मी धरायला गेले तर हात झटकला.

"तुझ्या हातानं न्हाई जायचा हा मानूस भिंतीवरून. माझ्या हातानं आला हुता, माझ्या हातानं उतरंल. आता दार लाव अन् लवकर उरक. म्हाताऱ्या मानसाला जिन्यात बसवायलीस, चांगलं न्हाई हुणार तुझं."

आणि खरंच त्या बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. मांडीवर फोटो, गळ्यात हार. मी दार लावलं. रिकाम्या भिंतीवर खिळा आणि फोटोच्या आकाराचा जुना, उजळ रंग राहिला होता. मी कॅमेरा फिरवून दाखवला, यंत्रानं मान्य केलं, पेपर सुरू झाला.

पेपराच्या मध्यावर खाली स्कूटर थांबली. मोठे भाऊजी. दुपारी ते जेवायला घरी येतात, म्हणून त्या दिवशी डबाच दुकानात पाठवायचं ठरवलं होतं, आणि तेच मी विसरले होते. जिन्यात चपला वाजल्या आणि थांबल्या.

"आई! बाबांचा फोटो... इथं काय करायलीस तू?"

मला मान वळवायची नव्हती. मान वळवली की बाद. मी समोर पडद्याकडे डोळे लावून बसले होते, पडद्यावर कीड लागलेल्या तुरीचं चित्र होतं, आणि माझे कान दारात होते.

"बस खाली नाहीतर जा," आत्याबाई म्हणाल्या.

"तिनं काढायला लावला ना? सरक, मी बघतो तिच्याकडं."

"मी काढलाय. आत जायचं न्हाई."

"आई, सरक म्हणतो."

"माझ्या अंगावरून जा मग. तुझ्या बापाच्या बी. हिंमत हाय का?"

मी तुरीला खूण केली, पुढचा प्रश्न घेतला, तोही केला, आणि मग चपला खाली गेल्याचा आवाज आला. "हाटेलात जेव आज," आत्याबाई वरून ओरडल्या. मग त्या एकट्याच बडबडत बसल्या. सून म्हणून कसली अवदसा आणली, माहेरचं वळणच तसं, जिभेला हाड न्हाई. शेवटपर्यंत मी ते सगळं ऐकत पेपर लिहिला. त्यातलं निम्मं माझ्याबद्दल खरंही होतं.

वेळ संपली, मी दार उघडलं. त्यांनी विचारलं, "झालं?" मी हो म्हणाले. त्यांनी आत येऊन फोटो परत स्वतःच लावला, हार घातला, मागं सरून बघितलं, आणि भांडी घासायला गेल्या. भाऊजी त्यानंतर माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. आजही ताट जावेच्या हातून घेतात.

पास झाले. तीन लिंक जोडून एक झाली. मी अर्ज भरला, घरचा म्हणून आत्याबाईंकडचा फोन नंबर दिला, कारण तोच घरात कायम असतो, आणि मुलाखतीला गेले. तोच मॅनेजर. या वेळी फाईल नव्हती. त्यानं माझा मोबाइल घेतला, लिंकवरचा कोड आपल्या फोननं स्कॅन केला, आणि सावकाश वाचत गेला. कोणकोणती धान्यं, कोणत्या तपासण्या, परीक्षा कशी, कुणाच्या देखरेखीखाली. पडताळणी पूर्ण. त्याची मान हलत होती, चांगल्या अर्थानं. मला वाटलं, झालं एकदाचं.

"छान आहे," तो म्हणाला. "सोबत कोण आलंय?"

"म्हणजे?"

"घरचं कुणी? मिस्टर? नाही, नियम नाही तसा, पण आमची पद्धत आहे. सीझनला रात्री उशीर होतो, हमाल असतात, ट्रकवाले असतात. लेडीजना घेतलं की दुसऱ्या दिवशी घरचे भांडायला येतात. एकदा परवानगी आहे असं समोर सांगितलेलं बरं."

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "साहेब, या एका लिंकसाठी माझी दोनदा परीक्षा बाद केली. का, तर माझ्याशिवाय दुसरं कुणी दिसलं म्हणून. आणि आता तुम्ही मला विचारता की दुसरं कुणी का नाही?"

"चिडू नका, बसा," तो म्हणाला आणि अर्जावरचा नंबर लावला. मी नको म्हणायच्या आत लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तिकडं रिंग जाताना मला सगळं संपलेलं दिसत होतं. एक शब्द पुरला असता त्या बाईला. मामंजींनी 'आता कशाला?' एवढ्यातच काम केलं होतं.

"कोन हाय?" आत्याबाईंचा आवाज.

"आजी, गोदामातून बोलतोय. तुमच्या सूनबाई नोकरीसाठी आल्यात. घरच्यांची परवानगी आहे ना?"

"घरच्यांची म्हंजी कुनाची? घरचा मोठा मानूस वारला."

"मग तुमची सांगा. तुम्ही मोठ्या."

"मला काय विचारायलाव?" त्या खेकसल्या. "मला तर ही बाई वीस वर्षांत एक दिवस आवडली न्हाई."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलायला हात पुढं केला.

"पन तिची परीक्षा झाली तवा दाराशी मी बसले हुते," आत्याबाई म्हणाल्या. "आत कुनी नव्हतं. मी सोडलंच न्हाई कुनाला. जे काय केलंय ते तिच्या एकटीनं केलंय. आता कामाला ठिवायचं का न्हाई ते तिला अन् तुमाला ठाव. माझं दूध उतू चाललंय."

आणि फोन बंद केला.

मला रडू आलं, आणि त्या माणसासमोर रडू आलं याचा इतका राग आला की मी पदरानं तोंड खसाखसा पुसलं. मॅनेजरनं माझा मोबाइल मला परत दिला. मग विचारलं, "सोयाबीन सोमवारपासून येतंय. सकाळी आठला जमेल?"

मी म्हणाले, "जमेल. एकटीच येईन."